म्हशीपुढे वाचली कादंबरी

दत्तोबांची बायको वारली आणि तिच्या लाडक्या मैना म्हशीने पान्हा चोरला. "आटेल ती. विकून टाका," शेजारी म्हणाले. दत्तोबांनी पेंड वाढवली, मग बायकोच्या लुगड्यांची, तिनेच शिवलेली गोधडी अंगावर घेतली. मैनेने ती प्रेमाने हुंगली. दूध दिलं नाही.

बायको धार काढण्याआधी मैनेला कादंबरी वाचून दाखवायची. "गाढवापुढे वाचली गीता!" दत्तोबा गोठ्याच्या दारातून हिणवायचे.

"गाढव दारात उभंय. ही म्हैस आहे," ती शांतपणे सांगायची.

दत्तोबांनी निमूटपणे कादंबरी काढली. बायकोने गोधडीची सुई खोचून ठेवलेल्या पानापासून ते अडखळत वाचू लागले. नायिका सासर सोडून निघाली, तशी मैना पान्हावली.

बादली भरली. दत्तोबा उठले, तर मैनेने मान वळवून पाहिलं.

"वाचतो गं. मलाही पुढचं कळायचंय," म्हणत गाढवाने पान उलटलं.