एका वेळी एकच यंत्र

यमुनाबाईंची स्मरणशक्ती जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या नवऱ्याच्या, रामकृष्ण टेंभुर्णेंच्या, आठवणींवर नांदत होत्या. त्या आठवणी पोचवणारं एकेक बिनतारी यंत्र दोघांच्या कानामागे होतं. आज त्यांना मंजुरीचा सरकारी शिक्का मिळाला नाही, तर उद्यापासून दोन्ही बंद होणार होती.

“साहेब, आम्हाला बरोबरच तपासा,” टेंभुर्णे म्हणाले. “यंत्राच्या लहरी अडवणाऱ्या त्या चाचणीच्या खोलीचं दार लागलं, की ही मला ओळखायची नाही.”

“काका, नियम एका वेळी एकाच यंत्राचा आहे,” तपासनीस फुलझेले म्हणाले. “दहा मिनिटांत काय तुमचा संसार मोडतो?”

ते यमुनाबाईंना घेऊन आत गेले आणि दार लागलं. बाईंनी काचेतून बाहेर पाहिलं.

“ते म्हातारबुवा कोण हो? केव्हाचे उभे आहेत. बसवा की त्यांना.”

फुलझेले दाराकडे वळले आणि थांबले. दार उघडावं, तर चाचणी पहिल्यापासून करावी लागणार. त्यांनी आतूनच बोटानं खुर्ची दाखवली. टेंभुर्णेंनी नकारार्थी मान हलवली आणि ते काचेला आणखी चिकटून उभे राहिले.

“ऐकत नाहीत,” यमुनाबाई हळूच म्हणाल्या. “यांच्या बायकोनं कसे दिवस काढले असतील, कोण जाणे.”