कवळीची डबी

जीपमध्ये बसायच्या आधी बाबा कवळी काढून डबीत ठेवायचे. एकदा खड्ड्यात गाडी आदळली आणि कवळी थेट विहीणबाईंच्या मांडीवर जाऊन पडली, तेव्हापासूनची ही खबरदारी. लेकीचं स्वतःचं गॅरेज होतं, पण बापाच्या लेखी ती अजून शिकाऊच. आज तिने जीपचे दणके झेलणाऱ्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे तडकलेले माउंट कापून जाड, नवे वेल्ड केले. जन्मभर वेल्डिंग केलेले बाबा गाडीखाली शिरले. हातोडीने एकेक सांधा ठोकून, कान लावून ऐकला. लेकीचा जीव टांगणीला. "बाबा, काहीतरी बोला ना!" "रंग बरा लावलायस." कौतुक करताना त्यांचा हात आखडताच. मग ते सीटवर चढून बसले. सवयीने डबी काढली, उघडली, लेकीकडे पाहिलं आणि रिकामीच बंद करून खिशात ठेवली. "चल," ते म्हणाले, "कोरड्या नदीतल्या गोट्यांवरून घे. आणि हळू नको, चांगली दामटून."