मिररलेसमधली माय

हेमराज भोपाळहून आला की मायचे फोटो काढायचा आणि प्रत्येक फोटोत माय खळखळून हसायची. मोहगावात तिच्याजवळच राहणाऱ्या थोरल्या गुणवंताच्या फोटोंत मात्र ती गप्प, थकलेली दिसायची. धाकट्याचा कॅमेरा मिररलेस, आपला जुना डीएसएलआर, फरक त्याचाच, अशी गुणवंता मनाची समजूत घालायचा. पोटात दुखायचं ते दुखायचंच.

शेवटी डीएसएलआर विकून त्यानंही मिररलेस घेतला. जामसांवलीला दर्शन झाल्यावर मंदिराबाहेर मायचा फोटो काढला. चेहरा तसाच थकलेला आला.

"माय, हेमराजसमोर तं मस्त हासतं तू. मायासमोर काऊन नाही हासत वं?"



"तो दूर राहून काळजी करते, म्हणून त्याच्यासमोर हासा लागते. तुयासमोर कायले सोंग करू, बाप्पा?"