वजा बाबा

सुट्टी संपून परत निघताना दरवेळी बाबा बॅग उचलून वजनकाट्यावर उभे राहायचे. लेक वाकून आकडा वाचायची आणि त्यातून बाबांचे सत्तर किलो वजा करायची. उरेल ते बॅगेचं. यंदा तर चक्क सात किलोंची जागा शिल्लक निघाली.

"बघ, उगाच जिवाला घोर लावून घेतलास," पँट वर ओढत बाबा म्हणाले आणि रजई, पुस्तकं, काय काय कोंबत सुटले.

विमानतळावर बॅग बरोबर सात किलो जास्त भरली.

"अहो, घरी मोजून आणलीय!"

काउंटरवरच्या बाईंनी ती उतरवून पुन्हा ठेवली. आकडा तोच. लेकीने जादा पैसे भरले. तेवढ्यात बाबांचा फोन आला. "जमलं ना गं वजनाचं?"

"जमलं," ती म्हणाली.



घरच्या काट्यावर सात किलो कमी भरले होते, ते बाबा.