चौथा कंत्राटदार

हॉटेलमागच्या चेंबरचं झाकण उचललं आणि आंबलेल्या चरबीचा असा भपकारा आला, की हर्षलाला तिथेच ओकारी झाली.

कंत्राटदार खदखदून हसला. "आयटीआयच्या कागदाने प्लंबर होता येत नाही, पोरी! शिकाऊ म्हणून नाव लावतो तुझं, पण तू ऑफिसात बसून फोन घे."

याआधी तिघांनी मुलगी म्हणून तिला दारातूनच परत पाठवलं होतं. चेंबरच्या वासापेक्षाही या हसण्याची तिला जास्त किळस आली. पालथं पडून तिने खांद्यापर्यंत हात आत घातला. बोटांना चरबीचे गिळगिळीत गोळे लागले, झुरळं दंडावर चढली. ती पुन्हा ओकली. मग तिने एक कुजलेलं फडकं ओढून काढलं आणि तुंबलेलं पाणी गडगडत निघून गेलं.

"ही उद्यापासून माझ्या हाताखाली," चेंबरचं झाकण उचलणारे कंत्राटदाराचे म्हातारे मिस्त्री म्हणाले.

"अहो, दोनदा ओकली ती!"

"मी पहिल्या दिवशी पळून गेलो होतो."

त्या दुपारी हर्षलाच्या घशाखाली घास उतरला नाही. दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला ती कामावर हजर होती. डबा मात्र आणला नव्हता.