अवेळी भोंगा

भोंगा वाजला आणि दीप्तीनं आनंदानं टाळी वाजवली. वीस वर्षं बंद पडलेल्या तलावाकाठच्या राईस मिलचा आवाज आज पुन्हा निघाला होता. भिंती सावरल्या होत्या, धुराडं दुरुस्त झालं होतं. पर्यटकांना ऐकवायचा भोंगा तेवढा राहिला होता. कॉम्प्रेसर जोडून तोही झाला. नागपूरहून आलेल्या या आर्किटेक्ट बाईला आभाळ ठेंगणं झालं.

ते फार वेळ टिकलं नाही. तलावाच्या पाळीवरून गावातल्या बाया धावत येत होत्या. धानकापणी अर्धी टाकून आलेल्या, हातात विळे तसेच. ओरडत कुणीच नव्हतं. त्या मुक्या धावण्याचंच तिला जास्त भय वाटलं.

भ्यायला कारणही होतं. कामासाठी तिनं मागच्याच आठवड्यात बायांचा धुण्याचा घाट बंद केला होता. तेव्हा म्हातारी रुख्मा फाटकाशी येऊन एवढंच म्हणाली होती, "पाहून घेऊ."

"फाटक लाव," दीप्ती रत्नपालला म्हणाली. तो गावातलाच गवंडी.

"म्याडम, त्यात माही माय भी आहे," तो म्हणाला. पण कडी घातली त्यानं.

विळे फाटकाच्या गजांवर आपटले. दीप्तीची पाचावर धारण बसली. तिनं पोलिसांना फोन लावायला घेतला.

"रत्नपाल, बाहेर ये!" त्याची आई अंजना ओरडली. तो कडी काढून बाहेर गेला. अंजनानं त्याचे दोन्ही हात चाचपले, पाठ चाचपली आणि ती मटकन खाली बसली.

"अवेळी भोंगा काऊन वाजवला रे? मशीनच्या पट्ट्यात मानूस सापडला का तवाच वाजे तो. तुहा बाप असाच गेला."

दीप्तीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फाटकाआडूनच ती म्हणाली, "चुकलं माझं. कुणाला काही झालेलं नाही. घाटही उद्या उघडते. आता जा तुम्ही घरी."

कुणी हललं नाही. तेवढ्यात मागून धापा टाकत रुख्मा आली. बाया बाजूला झाल्या.

"घाटाचं मंग पाहू," ती म्हणाली. "आत आनखी कोन आहे?"

"कुणी नाही. मी एकटीच."

"मंग तू भी बाहेर ये, माय. आतला शेवटचा मानूस बाहेर आल्याबिगर आमी फाटक सोडत नाही."