पाणक्या

मुलगा जागतिक क्रीडास्पर्धेत सायकल चालवणार म्हणून म्हाताऱ्या वेटरने महिनाभर हॉटेल डोक्यावर घेतलं होतं. आज टीव्हीवर शर्यत रंगली. पडद्यावर त्याचा मुलगा संघाच्या गाडीपाशी रेंगाळून बाटल्या जर्सीत कोंबत होता, पुढच्या सोबत्यांना द्यायला. "हा बघा पाणक्या!" मालक गल्ल्यावरून खिदळले. "एवढ्या लांब पाणी वाटायला गेलाय! काका, तुमचा कोणता हो?" काकांच्या बोटांत नेहमीसारखे पाण्याचे आठ ग्लास अडकवलेले होते. "तो... सगळ्यात पुढचा," ते पुटपुटले. सोबत्यांची जर्सी एकच, त्यात हेल्मेटआड कोण कुणाला ओळखतंय! पुढचाच जिंकला. मालकांनी मिठी मारली. काकांना मान वर करवेना. थोड्या वेळाने काकांचा फोन वाजला. "चॅम्पियनचा फोन!" म्हणत मालकांनीच हौसेने स्पीकर लावला. "बाबा, मी दिसलो का? कॅमेरा अगदी जवळ होता! तुमच्यासारखंच एका खेपेत आठ बाटल्या नेल्या. शेवटी मुलगा कुणाचा!"